नागनदी: आधी भिंत की आधी मलवाहिनी?

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीला पूर येऊन डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत पाणी शिरलं. तेव्हापासून नदीकाठी संरक्षक भिंतीची मागणी जोरात आहे. भिंत दिसते, फीत कापता येते. पण सांडव्याखालचं (तलावाचं जादा पाणी सोडणाऱ्या बांधाखालचं) नदीचं पात्र अरुंदच राहिलं, तर ती पूर पुढच्या वस्तीकडे ढकलते. (पाण्याची वाट अडते म्हणून सांडव्यासमोरच्या विवेकानंद पुतळ्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेलाच.)

मलवाहिनी जमिनीखाली, म्हणून कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. तिनं पूर थांबणार नाही, हेही खरं. मात्र ती नसेल तिथं सांडपाणी नागनदीत आणि पुढे कन्हान, वैनगंगेमार्गे थेट गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात जातं, तेही बारा महिने. शहराचा मैला वाहून नेणं हे महापालिकेचं कामच आहे, उपकार नाही.

आधी पात्र मोकळं करा, मग मलवाहिन्या. भिंत काठ खचतोय तिथंच.