‘स्पीड बूस्टर’ पेनड्राइव्हच्या नावाखाली ३,४५० रुपयांना गंडा

म्हापशातील एका दुकानदाराने २५६ जीबीच्या ‘स्पीड बूस्टर’ पेनड्राइव्हचे २,८५० आणि तो लॅपटॉपला ‘सेट करून देण्याचे’ ६००, असे एकूण ३,४५० रुपये माझ्याकडून उकळले. पेनड्राइव्ह कॅशे म्हणून, म्हणजे वेग वाढवण्यासाठीची तात्पुरती साठवण म्हणून, वापरण्याची ही सोय म्हणजे विंडोजमधील रेडीबूस्ट. ती २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर आली, तिच्यासाठी वेगळा पैसा पडत नाही आणि कमी रॅम व फिरती हार्ड डिस्क असलेल्या जुन्या संगणकालाच तिचा काही उपयोग होतो. माझ्या लॅपटॉपमध्ये फिरत्या डिस्कऐवजी तिच्याहून वेगवान एसएसडी आहे, हे त्या माणसाने आधी स्वतः तपासले होते.

त्याने पेनड्राइव्ह जोडून रेडीबूस्टचे पान उघडले, तेव्हा ‘हा संगणक पुरेसा वेगवान असल्यामुळे रेडीबूस्ट चालू केलेले नाही’ अशा अर्थाची सूचना माझ्या डोळ्यांसमोर झळकली होती. तो क्षण आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो. मी लगेच विचारले, तर ‘अपडेट झालं की ते जातं’ असे सांगून त्याने ते पान बंद केले. मी हिशेबनीस आहे. काउंटरमागच्या तंत्रज्ञाचे म्हणणे खरे मानण्यावाचून ग्राहकाजवळ दुसरा मार्ग कोणता असतो?

वेग तसूभरही वाढला नाही म्हणून त्यात घरचे फोटो साठवले, तर बरेचसे उघडेनात. भाच्याने एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने तपासल्यावर खरी क्षमता जेमतेम १६ जीबी निघाली. पेनड्राइव्हच्या कंट्रोलरमध्ये (आतल्या नियंत्रक चिपमध्ये) फेरफार करून आकडा फुगवलेला होता. नवा पेनड्राइव्ह घेतल्यावर आधी ही चाचणी पूर्ण करा, मगच त्यात काही ठेवा.

पोलीस चौकीवर ‘हा ग्राहक तक्रारीचा विषय आहे’ म्हणून अर्जही घेतला नाही. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयात आधी दुकानदाराला नोटीस पाठवायला सांगितले आणि नंतर, बिलावर ‘स्पीड बूस्टर’ नसून नुसते ‘यूएसबी ॲक्सेसरी’ लिहिले आहे, याच मुद्द्यावर मला दोष दिला. बिल दुकानदार लिहितो. त्याच्या लबाडीची शिक्षा मला का? वस्तूचे नाव आणि क्षमता बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे मोजू नका. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला ग्राहक आयोगात शुल्क नसते आणि मुदत दोन वर्षांची असते, हे मला त्या कार्यालयात कोणीही सांगितले नाही. मी आता आयोगात तक्रार दाखल करणार आहे. असाच पेनड्राइव्ह ज्यांच्या गळ्यात मारला गेला असेल, त्यांनी तो पुसू नये आणि बिल जपून ठेवावे.