सेस्ना १७२ की पायपर चेरोकी? आधी इंधन पंप बघा

विमान चालवायला शिकणारे या दोन छोट्या विमानांतून निवड करताना भाडं बघतात, केबिन बघतात. इंधन इंजिनापर्यंत पोचतं कसं, हे क्वचितच कोणी विचारतं. माझ्या मते पहिला प्रश्न तोच.

सेस्नाचे पंख वर, टाक्या पंखांत. कार्ब्युरेटरवाल्या (हवेत इंधन मिसळणारा साधा भाग असलेल्या) जुन्या १७२ मध्ये इंधन आपल्या वजनानेच खाली उतरतं, पंप नाहीच. टाकी निवडायचा सिलेक्टर ‘बोथ’वर ठेवला की दोन्ही टाक्यांतून इंधन येतं. मात्र १९९६ पासूनच्या इंजेक्शनवाल्या (इंधन दाबाने फवारणाऱ्या) १७२आर आणि नंतरच्या १७२एस मध्ये इंजिनावर चालणारा पंप आहे, शिवाय विजेवरचा सहायक पंपही. तेव्हा ‘सेस्नाला पंप नसतो’ असं कोणी सांगितलं तर मॉडेल विचारा.

चेरोकीच्या टाक्या इंजिनाहून खाली, त्यामुळे इंधन वर चढवावंच लागतं. ते काम यांत्रिक पंपाचं. तो दगावला तर विजेवरचा. म्हणून टेकऑफला, लँडिंगला आणि टाकी बदलताना विजेचा पंप चालू ठेवायचा. पुरेशी उंची गाठली की बंद करून प्रेशरचा काटा टिकतोय का ते पाहायचं. ‘बोथ’ इथे नाही. घड्याळ बघून डावी-उजवी टाकी तुम्हीच बदलायची. विसरलात, तर एक टाकी भरलेली असताना दुसरीवर इंजिन बंद पडेल!

याचा रेडिओशी संबंध आहे. वीज बनवणारा अल्टरनेटर गेला तरी मॅग्नेटोमुळे (इंजिनाच्या फिरण्यावरच ठिणगी देणारं यंत्र) इंजिन चालतं, पण रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) आणि विजेचा पंप एकाच बॅटरीवर येतात. जुन्या सेस्नात बॅटरीवर पंपाचा हा भार नाही. इंजिन अडखळलं तर चेरोकीत आधी पंप चालू, टाकी बदल, मग रेडिओवर ‘मेडे’, म्हणजे संकटाची हाक.

इंधन कमी पडलं तर कंट्रोलरशी बोलायचे शब्द दोन्हींत सारखेच. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आणखी उशीर परवडणार नाही. त्याने प्राधान्य मिळत नाही. उतरताना अंतिम राखीव साठ्याहून (नियमाने शेवटपर्यंत राखायच्या इंधनाहून) कमी इंधन उरणार असेल तर ‘मेडे मेडे मेडे फ्युएल’ म्हणायचं. २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ आव्हियान्का ५२ हे प्रवासी विमान इंधन संपून कोसळलं, ७३ जण गेले. इंधन संपत आल्याचं वैमानिकांनी सांगितलं होतं, इमर्जन्सी जाहीर केली नव्हती.

अधूनमधून हौसेने उडणार असाल तर कार्ब्युरेटरवाली १७२ घ्या. व्यावसायिक परवान्याकडे जायचं असेल तर मी चेरोकी सुचवेन. टाक्या आणि पंप सांभाळायची सवय मोठ्या विमानातही लागतेच.