अवजड वाहन प्रशिक्षण, महिलांची बॅच: जाहिरातीकडे बघू नका, शिकायला जा

आधी निकाल सांगून टाकते. शिकवण्याला पाचपैकी साडेचार, सोयींना अडीच आणि जाहिरातीला शून्य.

शून्य कशासाठी, ते ऐका. गुलाबी पत्रक, त्यावर गॉगल लावून ट्रकच्या बॉनेटला टेकलेली बाई आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘रणरागिणींनो, स्टिअरिंग हाती घ्या!’ आमच्या बॅचमध्ये मी रणरागिणी बरीच शोधली. एक बालवाडी शिक्षिका होती, जिचा पगार कधी वेळेवर होत नसे. एक गोदामात पॅकिंग करायची. आपण बांधलेले खोके घेऊन जाणारा माणूस आपल्यापेक्षा जास्त कमावतो, हे ती रोज बघत होती. एकीचा नवरा स्वतःच ड्रायव्हर. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागच्या बर्थवर झोपायचं, म्हणजे गाडी थांबत नाही आणि दोघांची कमाई एकाच घरात येते, असा सरळ हिशोब मांडून ती आली होती. सगळ्यात धाकटीला यंत्रांचं वेड, एवढंच. आणि मी, वॉर्डातली नर्स. मला असं काम हवं होतं, ज्यात दार बंद केलं की दर पाच मिनिटांनी ‘सिस्टर’ अशी हाक येणार नाही.

म्हणजे पैसा, वेळेवर पैसा, एकांत आणि यंत्र. धाडस करायला कुणी आलं नव्हतं. धाडस लागतं ते घरी सांगताना. त्याचं प्रशिक्षण कुठलीच संस्था देत नाही.

आता शिकवण्याबद्दल.

आमचे मास्तर कमी बोलणारे. पहिल्या दिवशी भाषण नाही, स्वागत नाही. केबिनचं दार उघडलं आणि म्हणाले, “ताई, चढा. तोंड गाडीकडे, दोन हात नि एक पाय, नाहीतर दोन पाय नि एक हात, एका वेळी तीन ठिकाणी पकड. उतरतानाही तोंड गाडीकडेच.” आम्ही चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. कंटाळा येईपर्यंत. तेव्हा वाटलं, हे काय लहान मुलांसारखं! पण केबिनमधून उडी मारून गुडघा किंवा घोटा दुखावलेले ड्रायव्हर मी हाडांच्या वॉर्डात भरपूर पाहिलेत. मास्तरांबद्दलचा आदर तिथूनच सुरू झाला.

हवेचे ब्रेक त्यांनी जसे समजावले तसे मला कुठल्या पुस्तकातून समजले नसते. माझी समजूत होती की हवा चाक अडवते. पार्किंग ब्रेकमध्ये उलटं असतं. चाक अडवून धरते ती जाड स्प्रिंग, आणि हवेचा दाब त्या स्प्रिंगला मागे रेटून चाक मोकळं करतो. हवा गेली की स्प्रिंग आपोआप बसते. म्हणून इंजिन सुरू केल्याबरोबर निघता येत नाही. हवेच्या दाबाचा काटा वर चढेपर्यंत थांबावं लागतं. मग इंजिन बंद करायचं, ब्रेक दाबून धरायचा आणि कुठे फुसफुस ऐकू येते का, ते बघायचं. त्यानंतर ब्रेक परत परत दाबून दाब उतरवायचा. साधारण ४ बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास धोक्याचा दिवा किंवा भोंगा वाजायलाच हवा. तो वाजला नाही, तर गाडी हलवायची नाही. पाळी सुरू होताना ऑक्सिजनचा सिलिंडर तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, त्यामुळे हा भाग मला फार आवडला. बाकीच्या कुरकुरत होत्या.

उताराचा धडा या अभ्यासक्रमाचा खरा दागिना. नियम एका ओळीचा: गिअर उताराच्या वरच्या टोकाला ठरवायचा, मधे नाही. भरलेली गाडी उताराला लागली की ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. चाकातले ब्रेकचे ड्रम तापतात, ब्रेकच्या अस्तराची पकड सुटते आणि पाय तळाला गेला तरी गाडी थांबत नाही. खालचा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग कमी करणारा), आणि फूटब्रेक थोडा वेळच पण नीट दाबून सोडायचा. मास्तरांनी ब्रेक तापल्यावर येणारा वास मुद्दाम आमच्या नाकापर्यंत आणला. “हा वास आला म्हणजे उशीर झालाय,” एवढंच म्हणाले. माल पूर्ण भरलेल्या गाडीवर हा सराव देणाऱ्या संस्था कमी असतात. बहुतेक ठिकाणी रिकाम्या ट्रकवर शिकवतात, आणि रिकामा ट्रक तुम्हाला खोटा आत्मविश्वास देतो. इथे सिमेंटच्या ठोकळ्यांनी भरलेला ट्रेलर होता. साडेचार गुणांपैकी निदान एक त्या ठोकळ्यांचा.

ट्रेलर मागे घेणं. हे सगळ्यांना जड जातं, बाई असो की बुवा. पुढची गाडी ज्या बाजूला वळवाल त्याच्या उलट बाजूला ट्रेलरचं शेपूट जातं. मला हे लवकर जमलं, कारण रुग्णाची ट्रॉली डोक्याकडून ढकलताना तेच होतं. आपलं टोक उजवीकडे नेलं की पुढचं टोक डावीकडे वळतं. ज्यांनी ट्रॉली ढकललेली नाही त्यांच्यासाठी मास्तरांची युक्ती अशी: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. हात जिकडे जाईल, तिकडे ट्रेलर जाईल. आणि शंका आली की थांबा, खाली उतरा, मागे जाऊन बघा, परत चढा. त्याची लाज नाही. उलट न उतरता घेतलेल्या गाडीला ते गुणच देत नसत, ती सरळ लागली तरी.

ताकदीचं काय, हा प्रश्न मला नातेवाईकांनी इतक्यांदा विचारला की इथेच उत्तर देते. स्टिअरिंग पॉवरचं असतं. गिअर आता बऱ्याच गाड्यांत यंत्रच बदलतं. व्होल्वोने आय-शिफ्ट नावाचा तसा गिअरबॉक्स २००१ मध्ये बाजारात आणला आणि नंतर इतर कंपन्यांच्या गाड्यांतही अशी यंत्रणा सर्रास दिसू लागली. संस्थेने तरीही हाताचा गिअर शिकवला. ते योग्यच, कारण नोकरीवर कुठली गाडी मिळेल ते आपल्या हातात नसतं. ताकद लागते ती ताडपत्री ओढताना, दोऱ्या आवळताना आणि ट्रेलर सोडवण्याचा दांडा अडकला तर. त्यातही मनगटापेक्षा पाय आणि वजन कुठे टाकायचं, हे जास्त महत्त्वाचं. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवण्यापेक्षा हे सोपं आहे. आणि रात्रपाळी? नर्सला रात्रपाळी झेपते का, असं मला इतक्या वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही. ट्रकचं नाव काढलं आणि सगळ्यांना माझ्या झोपेची काळजी वाटू लागली.

वर्गाच्या भिंतीवर तीन फोटो आहेत. पहिला ल्युएला बेट्स यांचा. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, तेव्हा १९१८ मध्ये अमेरिकेच्या फोर व्हील ड्राइव्ह कंपनीत त्या ट्रकच्या चाचण्या घेऊ लागल्या. पुढे १९२० मध्ये कंपनीने त्यांना आपला ट्रक घेऊन देशभर फिरवलं. बघा, चालवायला किती सोपा, बाईसुद्धा चालवते! (म्हणजे आमच्या गुलाबी पत्रकाची परंपरा शंभर वर्षांची आहे.) दुसरा लिली ड्रेनन यांचा. टेक्सासमध्ये त्यांनी १९२९ साली व्यावसायिक ट्रकचा परवाना मिळवला. ऐकू कमी येतं म्हणून अधिकारी कां-कूं करत होते. त्यांची मालवाहतुकीची कंपनी स्वतःची होती, म्हणजे हिशोबाची वही त्यांच्याच हातात. तिसरा योगिता रघुवंशी यांचा. कायद्याची पदवी असून, पती गेल्यावर मुलांना वाढवण्यासाठी त्यांनी ट्रक हाती घेतला. तिघींपैकी एकीनेही चाकोरी मोडायची म्हणून गाडी चालवली नाही. काम होतं, गरज होती, येत होतं. फोटोंखाली संस्थेने ‘धाडस’, ‘जिद्द’, ‘स्वप्न’ असे शब्द चिकटवलेत, ते कृपया काढावेत.

रशियात तर २०२० अखेरपर्यंत बायकांना अवजड ट्रक चालवायला कायद्यानेच बंदी होती. बायकांना मनाई असलेल्या कामांची ४५६ नोंदींची यादीच होती. १ जानेवारी २०२१ पासून ती बरीच छाटली आणि ट्रक मोकळा झाला. जपानच्या सरकारने २०१४ मध्ये मुलींना ट्रककडे वळवण्यासाठी ‘तोरागर्ल’ (म्हणजे ‘ट्रक गर्ल’) नावाची मोहीम काढली, कारण ड्रायव्हर म्हातारे होत होते आणि नवे मिळत नव्हते. आम्हाला आज सगळीकडून जे बोलावणं येतंय त्याचं कारण हेच. उद्योगाला माणसं कमी पडताहेत. मला त्यात वाईट काही वाटत नाही. गरज दोन्ही बाजूंनी असली की बोलणी बरोबरीने होतात. फक्त ते तसं सांगावं. जगभरात ट्रक चालवणाऱ्यांत दहातली एकही बाई नसते, तेव्हा रिकाम्या जागा कुठून भरायच्या हे कुणालाही कळतं. अमेरिकेत वाहतूक उद्योगाच्या एटीआरआय या संशोधन संस्थेने अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बायकांचा लेखाजोखा पुरुषांपेक्षा चांगला निघाला. पत्रकावर गॉगलऐवजी हे छापलं असतं तर मी जास्त लवकर आले असते.

पैशांबद्दल मास्तरांनी एक गोष्ट खोटं गोड न बोलता सांगितली, त्याचे गुण वेगळे द्यायला हवेत. किलोमीटरवर किंवा फेरीवर पैसे मिळतात तिथे बाईचा दर वेगळा लावता येत नाही, ही या कामाची मोठी ओढ. शिक्षिकेने याच कारणासाठी नाव घातलं होतं. मास्तर म्हणाले, “दर सारखा असतो ताई, किलोमीटर सारखे मिळतात का ते बघा.” लांब पल्ल्याची फेरी कुणाला देतात, माल भरायला तासन्‌तास थांबवलं तर त्याचे पैसे धरतात का, हे नोकरी घेण्याआधी विचारायचं. युरोपात ड्रायव्हरला दिवसाला ९ तास चालवता येतं, आठवड्यातून दोनदा १०, आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबावंच लागतं. अमेरिकेत ११ तास. चाक जितकं फिरेल तितकी कमाई, आणि फिरायला मर्यादा. मग थांबलेल्या तासांचं काय, हा प्रश्न पगाराच्या आकड्याइतकाच मोठा आहे. शिक्षिकेने ते सगळं वहीत उतरवून घेतलं. मीही.

आता अडीच गुणांकडे येते.

स्वच्छतागृह एकच, त्याची किल्ली ऑफिसात, ऑफिस दुपारी बंद. बायकांची बॅच काढणाऱ्या संस्थेत हे? म्हणे पुढे रस्त्यावरही असंच असतं, सवय होईल. पाणी कमी पिऊन दिवस काढणाऱ्या बायकांच्या लघवीचे रिपोर्ट मी पाहिलेत. ही सवय लावून घेण्यासारखी नाही.

दुसरं, सीट. नव्या ट्रकची हवेवरची सीट वर-खाली, पुढे-मागे होते, स्टिअरिंगही झुकतं. माझ्यासारखी बुटकी बाईही त्यात नीट बसते. टाच जमिनीला टेकून क्लच पूर्ण दाबला जातो, आरसे दिसतात. पण सरावाच्या दोन गाड्यांपैकी जुनीची सीट एकाच जागी गंजलेली. पुढे सरकून बसलं की पट्टा गळ्यावर येतो. मागे बसलं की डावीकडचा, दाराखालची जागा दाखवणारा आरसा दिसत नाही, आणि सायकलवाला नेमका तिथेच असतो. उशी दिली. उशी ब्रेक मारताना सरकते. हे तीनदा सांगूनही दुरुस्ती झाली नाही. नाव घालण्याआधी दोन्ही गाड्यांत बसून बघा, हा माझा सल्ला.

तिसरं म्हणजे, जे सगळ्यात उपयोगी होतं ते अभ्यासक्रमातच नाही. एके दुपारी मास्तरांच्या ओळखीची एक अनुभवी ड्रायव्हर सहज भेटायला आली आणि चहा होईपर्यंत बोलत बसली. गाडी लावायची ती तोंड बाहेर करून, दिव्याखाली, निघताना मागे घ्यावी लागू नये अशी. मुक्कामाची जागा सकाळीच ठरवायची, अंधार पडल्यावर शोधायची नाही. रात्री दारावर टकटक झाली तर काच बोटभर खाली, दार नाही. माल उतरवण्याच्या धक्क्यावर ‘ड्रायव्हर कुठाय?’ असं विचारलं की कागद पुढे करायचे, उत्तर द्यायचं नाही. धाकटीने विचारलं, एकटं वाटत नाही का? ती म्हणाली, “वाटतं ना. त्यासाठीच तर आले.” मी नर्सिंग का सोडतेय, हे मला घरी कधी इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं. या बाईंना मानधन देऊन दर बॅचला बोलवायला हवं.

कुणी जावं? ज्यांना परवाना नुसता कागद म्हणून हवा आहे त्यांनी जाऊ नये. स्वस्तात आणि झटपट देणाऱ्या जागा आहेत. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी जरूर जावं, पण लांब पल्ल्याची नोकरी घेण्याआधी शहरातल्या शहरात, रोज घरी परतण्याच्या फेऱ्या कुठे मिळतात ते विचारून ठेवावं. संस्थेकडे त्यांची यादी असते, मागितली की देतात. नवरा-बायको जोडीने येणार असाल, तर वेगवेगळ्या गाड्यांवर सराव मागा. आमच्यातल्या त्या जोडीची बायको सरस निघाली आणि नवऱ्याच्या सूचना बंद व्हायला थोडे दिवस लागले.

रात्री चालवण्याचा वर्ग पत्रकात छापलाय, पण मागितल्याशिवाय लावत नाहीत. प्रवेशाच्या वेळीच त्याची तारीख लिहून घ्या, आणि त्या रात्री जुनी गाडी देत असतील तर नको म्हणा. तिच्या पुढच्या दिव्यांपैकी एक उजेड पाडतो, एक उजेडाची आठवण करून देतो.