चित्रकार्डांची फाइल: दहा महिने वापरल्यानंतर

गेल्या डिसेंबरात नागपूरच्या बर्डीवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी ३६ फोटोंचे प्रिंट लॅमिनेट करून घेत उभी होते. फोटो कसले, तर आमचा स्टीलचा पेला, पोह्यांची प्लेट, संडासाचं दार, सोललेलं संत्रं, बाबांची स्कूटर. दुकानदार भाऊंनी विचारलं, "ताई, शाळेचं प्रदर्शन आहे का?" मी हो म्हणून टाकलं. माझा लेक बोलत नाही, हव्या त्या वस्तूचं कार्ड हातात देऊन मागायला त्याला शिकवायचं होतं, पण ते समजावून सांगायचं त्राण नव्हतं. त्या ३६ ची आज ७८ कार्डं झाली आहेत आणि फाइल तीनदा नव्याने बांधली आहे, म्हणून अनुभव लिहिते.

लेक आता साडेचार वर्षांचा आहे. बोलणं जवळजवळ नाही. "त्याचा बाप बी उशिराच बोलला होता" या एका वाक्यावर आम्ही वर्षभर काढलं. मग कान तपासले, बेरा ही ऐकण्याची चाचणी नॉर्मल आली. त्यानंतर मानसशास्त्रज्ञांकडे इसाची, म्हणजे ऑटिझम किती आहे ते मोजायची तपासणी झाली. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, १०७ ते १५३ म्हणजे मध्यम ऑटिझम. आमचे ११२ आले. घरी येऊन मी १५३ मधून ११२ वजा करत बसले होते, जसं काही बोर्डात किती मार्कांनी वाचलो ते मोजायचं होतं.

कार्डांची पद्धत स्पीच थेरपिस्टने सुचवली. मूळ पद्धतीचं नाव पेक्स, म्हणजे चित्रं देऊन संवाद साधायचा. अँडी बॉंडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी अमेरिकेत डेलावेअरमध्ये १९८५ मध्ये ती बांधली. एकूण सहा टप्पे आहेत. आम्ही घरी केलं ते काही शास्त्रशुद्ध पेक्स नव्हे, थेरपिस्टने दाखवलं तेवढं जमेल तसं केलं. मुलाने हवी ती वस्तू मागायला तिचं चित्र समोरच्याच्या हातात द्यायचं, की वस्तू लगेच मिळते, एवढं ते साधं वाटतं.

पहिल्या टप्प्याला दोन मोठी माणसं लागतात, हे आधी कोणी नीट सांगत नाही. एक समोर, हातात वस्तू धरून. दुसरं मुलाच्या मागे, त्याचा हात कार्डाकडे आणि मग समोरच्याच्या तळव्याकडे न्यायला. मागच्याने तोंड उघडायचं नाही. आमच्याकडे मागे आजी. पाटावर बसून ती त्याचं मनगट दोन बोटांनी उचलायची. गप्प बसणं तिला फार जड गेलं. तरी ती शिकली, मीच शिकले नाही. मी दर वेळी "काय पाहिजे?" विचारत राहिले. महिन्याभरात लेक पक्का झाला: आईने विचारलं तरच कार्ड द्यायचं. तहान लागली तरी फाइलीसमोर उभा राहून माझ्या तोंडाकडे बघायचा. प्रश्न सोडून नुसता हात पुढे करायला मला तीन आठवडे लागले, आणि त्याची सवय मोडायला त्याहून जास्त. नव्याने सुरू करणाऱ्यांनी एवढं एक तरी लक्षात ठेवा.

चित्रांबद्दल. बाजारात मिळणारी कार्टूनची कार्डं आमच्याकडे चालली नाहीत. रंगवलेलं गोल संत्रं त्याने चेंडू समजून बाजूला ठेवलं. सोललेल्या फोडींचा फोटो दिला तेव्हा लगेच उचलला. पेल्याच्या फोटोने मात्र उलटाच घोळ झाला. पाणी म्हणजे तोच पेला, असं त्याने धरलं आणि मामाकडे काचेच्या ग्लासातलं पाणी सांडून दिलं. मग वेगवेगळ्या भांड्यांचे चार फोटो पाण्याच्या एकाच कार्डावर लावले, तेव्हा कुठे जमलं.

वेल्क्रोचा रोल इतवारीतून आणला, बर्डीपेक्षा बराच स्वस्त पडला. मऊ बाजू कार्डाला आणि खरखरीत बाजू फाइलीला, असं पहिल्यापासून ठरवून घ्या. मी दोन्ही मिसळले आणि निम्मी कार्डं चिकटेनात. शिवाय खरखरीत बाजू बोटांना लागली की तो कार्ड फेकायचा. आणि मागचा गोंद नागपूरच्या मे महिन्यासाठी बनलेलाच नाही. ४५ डिग्रीत पट्ट्या घसरून खाली यायच्या, कूलरसमोर ठेवल्या तर ओलसर होऊन निघायच्या. शेवटी सासऱ्यांनी सुईदोऱ्याने कापडी पानांवर पट्ट्या शिवून दिल्या. ती तिसरी फाइल, तीच आजपर्यंत टिकली आहे.

मेट्रोचं कार्ड करून मी पायावर धोंडा मारून घेतला. लोकमान्य नगर ते सीताबर्डी असं एकदा फिरवून आणलं, दार बंद होतानाचा आवाज त्याला भयंकर आवडला. दुसऱ्या दिवशी त्याने ते कार्ड १४ वेळा दिलं, शेवटचं रात्री साडेनऊला. "लपवून ठेव ते कार्ड," असं घरात सगळ्यांचं मत. थेरपिस्ट म्हणाली, लपवाल तर त्याचा शब्द काढून घेतल्यासारखं होईल. तिने लाल पट्टीचं 'बंद' शिकवलं: कार्ड जागेवरच, पण त्यावर लाल पट्टी असली की आत्ता नाही. पहिले चार दिवस आदळआपट झाली. मग तो स्वतः पट्टीवर बोट ठेवून पुढे जायला लागला.

आता मुख्य गोष्ट. 'नको'चं कार्ड.

थेरपिस्ट दोन महिने मागे लागली होती आणि आम्ही टाळत होतो. दिलं तर दिवसभर तेच देईल, ही भीती. दिलंच त्याने. भेंडीला, न्हाव्याला, आजोबांच्या टीव्हीला. एका रविवारी मामा आला. आल्या आल्या गाल ओढायची त्याची जुनी सवय. लेकाने फाइलीपर्यंत जाऊन 'नको' आणलं आणि मामाच्या हातात ठेवलं. मामा हसला, "अरे वा, मोठा साहेब झाला बे!" आणि दुसरा गाल ओढला. लेकाने त्याचं मनगट चावलं, रक्त येईपर्यंत.

त्या रात्री माझं आणि ह्यांचं खूप भांडण झालं, पण नियम ठरला: 'नको' हातात आलं की मोठा माणूस थांबणार, कोणीही असो. ब्रश आणि औषध याला अपवाद, आणि ते त्याला आधीच दिसावं म्हणून 'आधी-मग'ची पट्टी: आधी ब्रश, मग बादलीतलं पाणी. चावणं आधी आठवड्यात चार-पाचदा व्हायचं, आता महिन्यात एखाद्या वेळी होतं. माझ्या मते फाइलीचा निम्मा खर्च या एका कार्डाने वसूल केला. मागण्याची कार्डं सगळे आनंदाने करून देतात. नकाराचं कार्ड मानायचं म्हटलं की घरातल्या मोठ्यांची परीक्षा असते, आणि आम्ही पहिल्या झटक्यात नापास झालो होतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याकडे इतवारीत होतो. मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, ढोलताशे, "घेऊन जा गे मारबत"चा गजर. मागच्या वर्षी याच दिवशी तो गल्लीत डोकं आपटत होता. या वेळी कानांवर हेडफोन होते, तरी ढोल जवळ आल्यावर थरथरायला लागला. मग माझ्या पिशवीतून छोटी फाइल ओढली आणि 'मला हवंय' असं लिहिलेल्या पट्टीवर 'घर'चं कार्ड लावून माझ्या पोटावर दाबली. आत्या म्हणाली, "पाच मिनिटं थांब नं, आत्ता काळी मारबत येऊन राहिली." मी थांबले नाही. रिक्षात बसेपर्यंत तो पट्टी धरून होता.

बोलणं आलं का, असं सगळे विचारतात. 'पा' आणि 'आई' एवढं आलं, ते कार्डांमुळे की वयामुळे, मला सांगता येणार नाही. मागणं वाढतं, बोलणं वाढेलच याची हमी या पद्धतीत नाही. मात्र एका सेंटरमध्ये आम्हाला "कार्डं दिलीत तर मूल बोलायचा आळस करेल" असं सांगून तीन महिने थांबवलं होतं, त्याचा राग अजून आहे. चित्रांमुळे बोलणं थांबतं असं अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही. अंगणवाडीच्या वयाच्या मुलांच्या एका शाळेत फाइल दप्तरात बंद करून ठेवायचे, तिथून आम्ही लेकाला काढून घेतलं.

मोबाइलवरही पर्याय आहेत. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्रांचं ॲप मोफत आहे आणि मराठीतही बोलतं. आमच्या लेकाच्या हातात मात्र स्क्रीन आली की ती गाण्यांचीच असायला हवी, म्हणून पुढच्या वर्षी बघू. पैशाचं म्हणाल तर कार्डांचा सगळा खर्च एका महिन्याच्या थेरपीपेक्षा कमी आला. थेरपीच्या बिलांसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत विमा मिळतो, त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. आमचं होऊन गेलं, कागदांची एक फाइल वेगळी ठेवा म्हणजे झालं.

संत्र्याचं कार्ड सगळ्यात जास्त झिजलं आहे, एक कोपरा चावून चावून पांढरा पडलाय. मे महिन्यात रोज द्यायचा आणि मी बाजारात संत्रं कुठून आणू? लाल पट्टी लावली ती पावसाळाभर राहिली. परवा कॉटन मार्केटमधून आंबिया बहाराची, म्हणजे नव्या हंगामाची, पहिली संत्री आणली आणि पट्टी काढली. त्याने बराच वेळ कार्डाकडे पाहिलं, काढून आजीच्या हातात दिलं, फोड तोंडात घातली. आंबट होती. तोंड वाकडं करून फाइलीकडे गेला आणि 'नको' घेऊन आला.