आठ महिने, दोन डॅशबोर्ड: जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीत घरी केलेलं फायबरचं काम

एप्रिलचा पहिला आठवडा. यवतमाळच्या बाजार समितीसमोर दुपारी गाडी उन्हात लावली. दीड तासानं परत आलो, तर डॅशबोर्डची डावी बाजू, जिथं खालून काहीच आधार नव्हता, दीड बोट खाली आलेली. तडा नाही, तुकडा नाही. उन्हात विसरलेल्या मेणबत्तीसारखी मान टाकून बसली होती. अडीच महिने रात्री जागून केलेला माल, आणि बसवून जेमतेम दोन महिने झालेले.

म्हणून हा अनुभव एका नाही, दोन डॅशबोर्डचा आहे. पहिला फेब्रुवारीत बसवला, दुसरा मे महिन्यात केला. दुसऱ्यानं मे-जूनचं ऊन, अख्खा पावसाळा आणि परवाचा ऑक्टोबरचा उकाडा पाहिला आहे. अजून जागेवर आहे.

आधी गाडीबद्दल. १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, गिअरचा दांडा स्टेअरिंगपाशी, पुढे सलग एकच सीट. दारव्हा तालुक्यातल्या एका मास्तरांच्या गोठ्यात कडब्याखाली उभी होती. हॉट रॉडचा नाद मला जुना. तिकडे अमेरिकेत १९३२ च्या फोर्डची मडगार्डं उतरवायची, छप्पर कापून बुटकं करायचं, मोठं इंजिन टाकायचं, असा तो प्रकार. आपल्याकडे तसं करायला गेलो तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. आरसीवर जे लिहिलंय त्यापासून गाडी वेगळी दिसली नाही पाहिजे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. तेव्हा बॉडी, इंजिन, चॅसिस जसंच्या तसं ठेवलं आणि सगळा नाद आत भागवला. डॅशबोर्ड, मधला कन्सोल, चारी दारांचे पॅनल, पायापाशी स्पीकरची खोकी. मित्र म्हणतो, "आतून विमान न् बाहेरून टॅक्सी." म्हणू दे.

माझं दुकान मोटार रिवाइंडिंगचं. विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून देतो. फायबरचा हात अजिबात नव्हता. यवतमाळला कूलरच्या टाक्या, नवरात्रातल्या मंडपाच्या कमानी आणि सिंह-मोर करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे चार रविवार जाऊन बसलो. आपल्या भागात फायबर शिकायचं तर गाडीवाल्याकडे जाऊ नका, कूलरवाल्याकडे जा. उन्हातलं आणि पाण्यातलं फायबर त्याच्याइतकं कोणाला कळत नाही.

पहिल्या दिवशी काकांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. रेझिनमध्ये, म्हणजे कडक होऊन फायबर बनणाऱ्या चिकट द्रवात, आधी कोबाल्ट (घट्ट होण्याला वेग देणारं) टाकायचं, नीट ढवळायचं, मग हार्डनर (कडक करणारं). "कोबाल्ट न् हार्डनर एकमेकाचे सोयरे नाहीत भाऊ. दोघाले नुसतं एका मगात टाकसान तं मगही जाईन न् हातही." हे गमतीनं घेऊ नका. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो, स्फोटही होतो. मी दोन बाटल्या दुकानाच्या दोन टोकांना ठेवतो आणि हार्डनरसाठी इंजेक्शनची वेगळी सिरिंज, तिच्यावर लाल टेप. डोळ्यांवर चष्मा हवाच. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते.

आता करण्याची पद्धत, थोडक्यात. पत्र्याच्या मूळ डॅशबोर्डला करवत लावायची नाही हे ठरलेलं होतं, म्हणून त्याच्यावर बसणारी फायबरची टोपी करायची होती. मूळ पत्र्यावर मेणाचं पॉलिश आणि पॅकिंगची चिकटपट्टी लावली. प्लायच्या पट्ट्यांचा सांगाडा केला, मीटरच्या जागी ७५ मिमीच्या पाइपचे तिरके कापलेले तुकडे बसवले (ठिबकच्या वेळची पाइपलाइन उरली होती). वरून बनियानचं होजिअरी कापड ताणून स्टेपल मारले. ताणलेलं कापड स्वतःच गोलाई घेतं, तीच या पद्धतीची मजा. त्या कापडाला रेझिन पाजायचं, कडक झालं की मागच्या बाजूनं मॅटचे, म्हणजे काचेच्या तंतूंच्या कापडाचे (चौरस मीटरला ४५० ग्रॅम), थर द्यायचे. एक थर साधारण एक मिमी जाडी देतो. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन लागतं. जास्त ओतलं म्हणजे जास्त मजबूत, असं नाही. नुसतं रेझिन काचेसारखं तडकतं, ताकद मॅटची असते. थर दिल्यावर रोलरनं हवेचे बुडबुडे बाहेर काढावेच लागतात, नाहीतर पांढरे डाग राहतात आणि तिथंच पुढे टवका उडतो.

कन्सोलच्या वेळी मी शहाणपणा केला. आकार लवकर यावा म्हणून थर्माकोल कोरला आणि त्याच्यावर सरळ रेझिन लावलं. पाण्यात बत्तासा विरघळावा तसा थर्माकोल डोळ्यासमोर विरघळला. पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं, ते थर्माकोल खातं. थर्माकोलच वापरायचा असेल तर वर प्लास्टर ऑफ पॅरिसचा हात द्या किंवा ॲल्युमिनियमची पन्नी आणि टेप लावा. नाहीतर पीयू (पॉलियुरेथेन) फोम घ्या, तो विरघळत नाही.

आता त्या मान टाकलेल्या डॅशबोर्डकडे येतो, कारण हे सगळं लिहायला बसलो ते त्याच्यासाठी.

काकांना तुकडा दाखवला. त्यांनी नख लावून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, "कच्चं रायलं भाऊ तुमचं. पोळी वरून शेकली, अंदरून पीठच हाय." चार महिन्यांनंतरही त्याला रेझिनचा वास येत होता, हीच खूण. मी काम केलं डिसेंबरात, रात्री, दुकान बंद झाल्यावर. थंडी अशी की हात शेकत काम चाललेलं. रेझिन कडक झालं, पण पूर्ण पिकलं नाही. त्यात साधं जीपी (जनरल पर्पज, सर्वसाधारण कामाचं) रेझिन. ते नीट पिकलं तरी ६०-७० अंशांच्या पुढे ताकद सोडायला लागतं. कच्चं असेल तर त्याच्याही आधी. आणि बंद गाडीत, काचेमागे, आपल्या उन्हाळ्यात डॅशबोर्ड ८० अंशांपर्यंत सहज तापतो. म्हणजे चूक उन्हाची नव्हती, माझीच होती, आणि ती डिसेंबरातच होऊन बसली होती. एप्रिलनं फक्त दाखवली.

दुसऱ्या वेळी आयसो (आयसोफ्थॅलिक, जास्त उष्णता सोसणारं) रेझिन घेतलं. महाग आहे, पण त्याची तग ९० अंशांच्या आसपास असते. थर तीनाऐवजी चार, आणि डाव्या बाजूला खालून एक बरगडी: अर्धा चिरलेला पाइप उलटा ठेवून त्याच्यावर मॅट. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिकवणं. लहान तुकडे मी दुकानातच पिकवले. वार्निश मारलेल्या मोटारी वाळवायला माझ्याकडे पत्र्याच्या ड्रममध्ये २०० वॅटचे चार बल्ब आहेत. त्यात थर्मामीटर लटकवून ८० अंशांवर चार तास. पण डॅशबोर्ड काही ड्रममध्ये मावत नव्हता. तो घराच्या टिनावर नेला, खाली प्लायचा सांगाडा तसाच ठेवून, म्हणजे पिकताना वाकायला नको, आणि वर काळं प्लास्टिक झाकलं. दुपारी तीनला प्लास्टिकखाली ६८ अंश. असे सहा दिवस. मे महिन्यात आपल्या भागात भट्टीचं भाडं द्यावं लागत नाही.

अडचण एकच आली. त्याच टिनाला लागून आईचं वाळवण होतं. दुसऱ्याच दिवशी खालून आवाज, "बावा, तुया त्या डबड्याचा वास माया पापडाले लागून रायला. आधी ते उचल तिथून." चूक तिची नव्हती. पिकताना उरलेलं स्टायरिन बाहेर पडतं आणि तो वास तिखट असतो. मग डॅशबोर्ड गोठ्याच्या टिनावर गेला. माणसांनीही हा वास जपूनच घ्यायचा असतो. तोंडाला बांधलेला दुपट्टा काही कामाचा नाही, कार्बनच्या डब्यांचा मास्क लागतो. घासताना उडणाऱ्या पिठासाठी वेगळा. काचेच्या तंतूंनी अंगाला खाज सुटली तर गरम पाणी ओतू नका, खाज वाढते. थंड पाणी, खळखळून. पहिल्या आठवड्यात मी गरम पाण्यानं आंघोळ केली आणि रात्रभर खाजवत बसलो.

मे महिन्याचं दुसरं टोकही सांगून ठेवतो. आर्मरेस्टचा तुकडा दुपारी करायला घेतला, हार्डनर सवयीनं दोन टक्के टाकलं. मॅट कापेपर्यंत मगात गोळा झाला होता आणि धूर निघत होता. तो मग तसाच उचलून उंबऱ्याबाहेर वाळूत फेकला. उन्हाळ्यात एक टक्का, पहाटे पाच ते साडेसात एवढंच काम, आणि एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त कालवायचं नाही. मोठ्या मगात रेझिन स्वतःच्याच उष्णतेनं पेटतं, पसरट ताटलीत तेच सावकाश घेतं. शिवाय शेतातली लाइन एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. ग्राइंडर चालवायचा तर घरच्या लाइनवर, म्हणजे शेजाऱ्यांच्या झोपेशी जुळवून. यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

वापरातल्या तक्रारी. पहिली, पाइपच्या कड्या, म्हणजे मीटरभोवतीचे ते कापलेले तुकडे. जूनमध्ये तेलाच्या दाबाच्या मीटरची कडी हातात आली. पॉलिस्टर रेझिन पीव्हीसीला मनापासून चिकटत नाही, रस्त्याच्या धक्क्यांनी सुटतं. आता कडीला ४ मिमीची आठ-दहा भोकं पाडून, पॉलिश पेपरनं खरवडून लावतो. रेझिन भोकांतून आरपार जाऊन अडकून बसतं. त्यानंतर एकही सुटली नाही.

दुसरी, कुरकुर. फायबर आणि पत्रा जिथं घासतात तिथं कच्च्या रस्त्यावर असा आवाज की जणू मागच्या सीटवर कोणी खाट विणतंय. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या मधे घातल्यावर नव्वद टक्के गेला. उरलेला दाराचा आहे, तो पद्मिनीचा जन्मजात.

तिसरी, बोल्टची भोकं. साधा वॉशर लावलेल्या दोन जागी भोकाभोवती केसासारख्या चिरा गेल्या. तिथं मागून मॅटचे दोन जादा थर आणि रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा वॉशर द्या. बोल्ट आवळताना हात आखडता घ्या. फायबरला पत्र्यासारखं पिळलं की ते लगेच उत्तर देतं.

दारांचे पॅनल फायबरचे केले, ही माझी हौस होती आणि आता वाटतं उगाच केली. सपाट भागाला फायबर म्हणजे बोजा. सहा मिमीचा प्लाय, वर फोम आणि रेक्झिन, एका दिवसात झालं असतं. चारी पॅनल घासण्यातच तीन आठवडे गेले. लांबी भरा, ८० नंबरनं घासा, परत भरा, १२०, २२०, शेवटी पाण्यात ४००. फायबर फक्त जिथं दोन्हीकडून गोलाई आहे तिथं वापरा. डॅशबोर्ड, कन्सोल, स्पीकरची खोकी. बाकी ठिकाणी सुतार बरा.

रंग बिनचकाकीचा काळा दिला होता. हॉट रॉड म्हटलं की काळा, असं डोक्यात बसलेलं. काळ्या मातीच्या गावात काळ्या रंगावर धूळ दिसणार नाही असं वाटलं होतं. वाळलेली काळी माती राखाडी असते हे मी, शेतकऱ्याचा पोरगा, विसरलो. दोन दिवसांत आतली गाडी राखेनं माखल्यासारखी. चकचकीत मात्र मुळीच करू नका, समोरच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडून दुपारी रस्ता दिसत नाही. पुढच्या वेळी तपकिरी. वरच्या कडेला रेक्झिन लावलं होतं, त्याचं पिवळं सोल्युशन उन्हात सुटून कडा उचलल्या. तिथं आता खालून पट्टी आणि स्क्रू.

पावसाळ्यानं डॅशबोर्डला काहीच केलं नाही. फुगला नाही, वास नाही, बुरशी नाही. प्लायचे जे तुकडे मागून रेझिननं झाकायचे राहिले होते तेवढे मात्र फुगले. ऑगस्टमध्ये गाडी बारा-तेरा दिवस उभी होती, तेवढ्यात कुंभारीण माशीनं घड्याळाच्या रिकाम्या कडीत मातीचं घर बांधलं. मी तसंच राहू दिलं. पोळ्यानंतर ती उडून गेली, मग घड्याळ बसवलं.

खर्च विचाराल तर दोन्ही डॅशबोर्ड, वाया गेलेलं रेझिन, मास्क, रंग धरून १४,००० च्या आत. यात माझ्या रात्री धरलेल्या नाहीत. पहिलंच काम असेल तर डॅशबोर्डला हात घालू नका. स्पीकरचं एक खोकं करा, उन्हात ठेवा, महिनाभर पाहा. आणि थंडीत केलेलं काही असेल तर ते गाडीत बसवायच्या आधी ड्रममध्ये किंवा टिनावर पिकवून घ्या, मग ते आयसो असो की जीपी.

पहिला डॅशबोर्ड फेकला नाही. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीला छप्पर नव्हतं, तिथं तो उलटा बांधून टाकला. खाली आलेल्या बाजूनं पावसाचं पाणी बरोबर बाहेर पडतं. परवा मोटार लावायला गेलो तेव्हा त्याची ती डावी कड दोन्ही हातांनी दाबून पाहिली. मे-जूनचं ऊन खाऊन ती आता दगडासारखी झाली आहे, तसूभर हलत नाही.