खोली पाहिली, किल्लीही मिळाली

परदेशात घर शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सल्ला सगळेच देतात, की प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. तो मी तंतोतंत पाळला, आणि तरीही सप्टेंबर २०२३ मध्ये बर्लिनमध्ये माझे १,७२० युरो गेले. न पाहता पैसे पाठवून फसलेल्यांचे अनुभव पुष्कळ वाचायला मिळतात. पाहून फसलेले मात्र गप्प बसतात, बहुधा त्यात स्वतःचा मूर्खपणा अधिक उघडा पडतो म्हणून.

विद्यार्थी विनिमय योजनेतून मी एका सत्रासाठी तिथे गेले होते. जर्मन विद्यापीठांचे हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होते, त्यामुळे सप्टेंबरभर नवे-जुने सगळे विद्यार्थी एकाच वेळी घरांच्या मागे असतात. वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत माझे नाव होते, पण नंबर लागण्याची चिन्हे नव्हती. आठ खाटांच्या एका खोलीत रात्री काढून मी रोज पंधरा-वीस जाहिरातींना पत्रे पाठवत होते आणि बहुतेकांकडून उत्तरही येत नव्हते.

यातली खरी अडचण डोक्यावर छप्पर नसण्यापेक्षा पत्त्याची असते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ब्युर्गरआम्ट या नागरी कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला तिकडे आनमेल्डुंग म्हणतात. नोंदीसाठी घर देणाऱ्याच्या सहीचे एक प्रमाणपत्र लागते, ज्याचे वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग हे नाव नीट उच्चारता येईपर्यंत निम्मे सत्र संपते. निवास परवान्यापासून कर क्रमांकापर्यंत पुढची बरीच कामे या नोंदीवर अवलंबून असतात, आणि पोटभाड्याने मिळणाऱ्या कितीतरी खोल्यांच्या जाहिरातींत मात्र 'नोंद करता येणार नाही' असे स्पष्ट लिहिलेले असते. म्हणूनच 'आनमेल्डुंग शक्य' हे दोन शब्द दिसले की माझ्यासारख्यांचे डोळे बाकीचे काही पाहीनासे होतात, आणि हे फसवणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगले माहीत असते.

जाहिरात वेडिंग भागातली होती. लेओपोल्डप्लाट्स स्थानकापासून चालत सात मिनिटांवर, सामानासह एका खोलीचे घर, हीटिंग आणि पाणी धरून महिना ६२० युरो, सहा महिन्यांसाठी. भाडे फारच कमी असते तर मला संशय आला असता. ते इतरांपेक्षा जेमतेम कमी होते. घर दाखवणारी बाई तिशीतली, शांत बोलणारी होती. नोकरीसाठी सहा महिने दुसऱ्या शहरात जायचे आहे, असे तिने सांगितले. तिने मला स्वयंपाकघरातला गिझर चालवून दाखवला आणि बाल्कनीतल्या कुंड्यांना किती दिवसांनी पाणी घालायचे हेही समजावले. दुसऱ्याच्या कुंड्यांची इतकी काळजी कोण करेल, असे मला वाटले. हा विचार आठवला की आजही कानशिले तापतात.

दोन दिवसांनी करारासाठी तिने मला पुन्हा त्याच घरी बोलावले. चार पानी करार, तिच्या ओळखपत्राची प्रत आणि माझे नाव घालून, सही करून तयार ठेवलेले पत्ता नोंदणीचे प्रमाणपत्र असे सारे टेबलावर मांडलेले होते. पहिल्या महिन्याचे ६२० युरो मी रोख दिले. अनामतीचे १,१०० युरो तिच्या भावाच्या खात्यावर तात्काळ हस्तांतरणाने पाठवले, कारण ती स्वतः बँक बदलत असल्याने तिचे खाते बंद होते. व्हिसासाठी त्या वर्षी निर्वाहखर्च म्हणून महिन्याला ९३४ युरो दाखवावे लागत होते. त्या हिशेबाने मी जवळजवळ दोन महिन्यांचे जगणे तिच्या हाती दिले. माझ्या पासपोर्टची प्रत तिने मागितली, तीही दिली. दोन किल्ल्या मिळाल्या. इमारतीच्या मुख्य दाराची मी जाताना लावून पाहिली आणि ती लागली. घराची लावून पाहण्याचे सुचले नाही, कारण दोन्ही वेळा घर आतून उघडलेले होते.

१ ऑक्टोबरला, रविवारी सकाळी, सामान ओढत तिसऱ्या मजल्यावर पोहोचले तेव्हा पायरीवर एक मुलगा दोन सुटकेसांशेजारी बसलेला होता. त्याच्या हातातली किल्ली माझ्यासारखीच होती आणि माझ्यासारखीच घराच्या कुलपात फिरत नव्हती. दार वाजवल्यावर आतून एक पर्यटक जोडपे बाहेर आले. त्यांनी ते घर चार दिवसांसाठी घेतले होते. दुपारपर्यंत आम्ही पाच जण झालो. जोडप्याने दिलेल्या क्रमांकावर घरमालकाशी बोलणे झाले, तेव्हा उलगडा झाला की त्या बाईने सप्टेंबरात नऊ दिवसांसाठी ते घर सुट्टीतल्या पाहुण्यासारखे भाड्याने घेतले होते. त्या नऊ दिवसांत तिने ते आम्हा सर्वांना दाखवले आणि मुख्य दाराच्या किल्लीच्या नकला करून घेतल्या. कुंड्या मालकाच्या होत्या.

घर पाहिल्याने घर आहे एवढेच कळते. समोरच्या माणसाला ते भाड्याने देण्याचा अधिकार आहे की नाही, हे भिंती सांगत नाहीत, आणि मी सगळा वेळ भिंतीच पाहत होते. तो अधिकार तपासण्याच्या जागा वेगळ्या आहेत. जर्मनीत बहुतेक घरांना क्रमांक नसतात. खालच्या घंटेवर आणि टपालपेटीवर राहणाऱ्याचे आडनाव असते. इथे ते तिच्या ओळखपत्रावरच्या नावाहून निराळे होते. मी विचारलेही, आणि 'आधीच्या भाडेकरूचे आहे, बदलायचे राहिले' हे उत्तर मुकाट्याने घेतले. शेजारचे दार वाजवून विचारायला एक मिनिट लागले असते. शिवाय पोटभाडेकरू ठेवायचा तर मूळ भाडेकरूला मालकाची परवानगी लागते. ती लेखी दाखवा आणि तुमचा मूळ करारही दाखवा, असे म्हणणे तिथे उद्धटपणाचे मानत नाहीत. मला मात्र ते संकोचाचे वाटले.

अनामतीबद्दलचा कायदा मी नंतर वाचला. जर्मन नागरी संहितेच्या कलम ५५१ नुसार अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याइतकी घेता येते, तीही हीटिंग-पाण्याचा खर्च वगळून. आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे, ज्यातला पहिला हप्ता भाडेकरार सुरू होतानाच देय होतो. पूर्ण रक्कम आधी मागणारे सगळेच लबाड असतात असे नाही; पुष्कळ सरळ माणसेही तशी मागतात. पण 'पहिला हप्ता राहायला येईन त्या दिवशी, घराचे कुलूप उघडून झाल्यावर' एवढे एक वाक्य मी बोलले असते, तर ती बाई माझा नाद सोडून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली असती.

तयार प्रमाणपत्राने मी सर्वांत जास्त भुलले, आणि वास्तविक तोच सर्वांत मोठा इशारा होता. त्या कागदावर घर देणारा 'ही व्यक्ती अमुक तारखेला राहायला आली' असे प्रमाणित करतो. मी राहायला गेलेच नव्हते. जिथे कोणी राहायला जात नाही असा पत्ता नोंदीसाठी पुरवणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे प्रामाणिक माणूस ही सही सहसा तुम्ही सामान आत आणल्यावर करतो.

खात्यावरच्या नावाबाबत तर बोलायलाच नको. ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांत पैसे पाठवण्यापूर्वी नाव आणि खाते क्रमांक जुळतात का, हे बँकेला दाखवावे लागते. पण खाते दुसऱ्याचे आहे हे मला तसेही ठाऊक होते. तात्काळ हस्तांतरणाचे पैसे दहा सेकंदांत पोहोचतात. माझ्या बँकेने परत मागणीची विनंती पाठवली तोपर्यंत ते तिथून पुढे गेलेले होते.

आम्ही पाचही जणांनी बर्लिन पोलिसांच्या संकेतस्थळावरून स्वतंत्र तक्रारी नोंदवल्या आणि प्रत्येकीत इतरांचे क्रमांक दिले, म्हणजे प्रकरणे एकत्र जोडली जावीत. ओळखपत्र दुसऱ्याच कोणाचे तरी निघाले. आमच्याआधी फसलेल्या एखाद्या भाडेकरूचे असावे. तेव्हापासून पैशांपेक्षा मला माझ्या पासपोर्टच्या प्रतीची अधिक धास्ती वाटते. आता कोणालाही प्रत देताना मी तिच्यावर आडवे, छायाचित्रावरून जाईल असे, कोणासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते लिहिते.

नोव्हेंबरात मला लिश्टेनबेर्गमध्ये तिघांच्या सामायिक घरात खोली मिळाली. सरकारी वकिलाच्या कार्यालयाचे पत्र फेब्रुवारीत त्या पत्त्यावर आले. आरोपीचा शोध न लागल्याने चौकशी थांबवली आहे, नवे धागेदोरे मिळाल्यास ती पुन्हा सुरू करता येईल, असे त्यात लिहिले होते. आरोपीच्या नावाच्या जागी 'अज्ञात' असा शब्द होता.