वाईतला फोटो स्टुडिओ: जुन्या निगेटिव्हसाठी जरूर जा

पासपोर्टचा फोटो आता सेवा केंद्रातच काढतात, लग्नांना ड्रोनवाले साताऱ्याहून येतात. स्टुडिओला काम उरणार तरी काय? मालकांनी डार्करूम मोडून तिथे स्कॅनर बसवला आणि जुन्या निगेटिव्हच्या डिजिटल प्रती करून द्यायला लागले. आईच्या लग्नाचे, बुरशी धरलेले रोल मी भीतभीतच दिले. स्टुडिओतल्या काकांनी हातमोजे घालून, ब्लोअरने धूळ उडवून एकेक पट्टी स्कॅन केली. आजीच्या नऊवारीचा काठसुद्धा स्पष्ट दिसतो! उगाच भडक रंग भरले नाहीत, हे मला फार आवडलं. फ्रेममागे 25 रुपये घेतात. वेळ लागतो, पण काम चोख. घरात निगेटिव्ह असतील तर पावसाळ्याआधीच न्या. दमट हवेत बुरशी झपाट्याने पसरते.